घरून इथवर कसे आलात

१

हॉस्पिटलच्या भिंतींमधून तीन प्रकारचे पाइप फिरतात आणि तिन्हींची काळजी माझ्या गळ्यात आहे. पहिला ऑक्सिजनचा. तो सगळ्यांना ठाऊक असतो. दुसरा सक्शनचा, म्हणजे रक्त, कफ, पाणी ओढून नेणारा. त्याच्याकडे एरवी कोणी ढुंकूनही बघत नाही, पण तो बंद पडला की मला झाडायला अख्खं हॉस्पिटल तळघरात उतरतं. तिसऱ्याबद्दल मात्र कोणी कधी विचारतच नाही.

ऑपरेशन थिएटरात पेशंटला भुलीचा वायू देतात. पेशंट तो श्वासाबरोबर परत सोडतो. तो खोलीतच राहिला तर डॉक्टर आणि सिस्टरच पेंगायला लागतील. म्हणून भुलीच्या मशीनला एक जाडसर नळी लावलेली असते, ती भिंतीतल्या तिसऱ्या पाइपाला जोडलेली असते, आणि तो पाइप थेट गच्चीवर जातो. तिथे एक पंखा तो सोडलेला श्वास ओढून घेतो आणि खाली वाकवलेल्या तोंडातून उघड्यावर टाकून देतो. थोडक्यात, खाली झोपलेल्या माणसाचा श्वास वर माझ्यापाशी येतो. लग्न ठरताना बायकोला हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे तू हवेवर जगतोस." हॉस्पिटलातही मला सगळे हवावालेच म्हणतात.

माझी सकाळ ठरलेली असते. आधी तळघर: सिलिंडरांच्या रांगा, दाबाचे काटे, सक्शनचे पंप. मग एकेक मजला करत वर, आणि शेवटी गच्ची. गच्चीवर पंख्याची बेअरिंग तपासायची एक युक्ती आम्ही सगळेच करतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. बेअरिंग गेली असेल तर आत वाळू भरडल्यासारखी खरखर ऐकू येते. ठीक असेल तर नुसती गुणगुण.

त्या सकाळी मूठ कानाला लावली, तर आत एक बाई बोलत होती.

"…पेट्रोल पंपावरून पुढे गेलं की ती बंद पडलेली लाकडाची वखार…"

हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. मग माझं मलाच हसू आलं, कारण उलगडा सोपा होता. आमच्या भुलीच्या मॅडमची एक सवय आहे. बाकीचे डॉक्टर पेशंटला आकडे मोजायला लावतात. मॅडमना ते आवडत नाही. त्या तोंडावर मास्क धरतात आणि विचारतात, "घरून इथवर कसे आलात, सांगा बरं." आपल्या रोजच्या रस्त्यावर माणूस घाबरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पेशंट सांगायला लागतो आणि एकदोन वळणांत झोपतो. मास्कमध्ये बोललेलं नळीत गेलं, नळीतलं पाइपात आणि पाइपातलं माझ्या कानात. तांब्याचा पाइप आवाज वाहून नेतो, त्यात नवल कसलं?

घरी मी हे तिखटमीठ लावून सांगितलं. आमची ठकी दुसरीत आहे. तिने लगेच उशी तोंडावर धरून घरापासून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता सांगून दाखवला आणि शेवटी खोटं खोटं घोरली. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

२

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये थिएटरच्या सिस्टर भेटल्या. आम्ही दोघं बऱ्याच वर्षांचे चहाचे सोबती.

"काल ती वखारीवरून येणारी बाई कशी आहे?" मी विचारलं.

"कसली वखार?"

"मॅडमना रस्ता सांगत होती ना? पेट्रोल पंप, मग वखार. मला वर पाइपात ऐकू आलं."

सिस्टरनी कप खाली ठेवला. "काल एकच बाई होती. 'घरातून निघाले' एवढं म्हणाली आणि झोपली. पंपबिंप काही नाही. मॅडमचा हात आहेच तसा."

"मग झोपेत बोलली असेल."

"झोपेत?" त्या हसल्या. "अहो हवावाले, झोपल्यावर आम्ही घशात नळी घालतो. नळी असली की माणसाला साधं कण्हतासुद्धा येत नाही. बोलणार कुठून?"

मीही हसलो, पण चहा तसाच ठेवला. नळीची गोष्ट मला माहीत होती, फक्त तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

मेंटेनन्सच्या साहेबांना सांगितलं, तर त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. "खालच्या लोकांच्या डोक्यात जाऊ नये म्हणून आपण जो वायू वर सोडतो, तो तू पाइपाच्या तोंडाशी बसून हुंगतोस. मग बायका बोलतील नाहीतर काय होईल?"

ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तोंडाला मास्क बांधला, पाइपाच्या तोंडापासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसलो आणि हात लांब करून स्क्रू ड्रायव्हर टेकवला. आत एक म्हातारा सांगत होता, "…शाळेच्या कुंपणाला लागून चालायचं. कुत्रं आहे, पण चावत नाही…"

माझं डोकं लख्ख होतं. समोरच्या टाकीवर कबुतरं बसली होती, ऊन चढलं होतं, खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. म्हातारा पुढे बोलतच राहिला.

३

ऐकायचं नाही, असं रोज ठरवायचो आणि रोज ऐकायचो. जिभेला तुटका दात सारखा लागावा, तशातली गत झाली होती.

प्रत्येकाचा रस्ता वेगळा असायचा. कोणी पुलावरून यायचं, कोणी बाजारातून, कोणी नातवाच्या स्कूटरवरून. पण हॉस्पिटलचं फाटक आलं की सगळे एकाच वाटेला लागायचे. फाटक, बाकांची रांग, नीट न लागणारं लिफ्टचं दार आणि मग जिना. ऑपरेशन छोटं असलं की आवाज अर्ध्या शब्दावर तुटायचा. मी सिस्टरना आडून आडून विचारायचो. आवाज तुटायचा तेव्हाच खाली मॅडम पेशंटला उठवत असायच्या. ते कळल्यावर थोडा धीर आला. म्हणजे उठले की संपलं.

मोठी ऑपरेशनं असली की आवाज लांबपर्यंत यायचे. थिएटर ज्या मजल्यावर आहे, तिथे येऊन तरी ते थांबायला हवे होते. पेशंटला तिथेच तर आणलेलं असतं. पण ते थांबायचे नाहीत. "अजून वर जिना आहे," असं म्हणायचे आणि चढायला लागायचे. थिएटरच्या वर स्टोअर आहे, आणि त्याच्या वर फक्त माझी गच्ची.

मग तो बसड्रायव्हर आला. आतड्याचं ऑपरेशन होतं, वेळखाऊ. त्याचं सांगणं ड्रायव्हरसारखंच होतं: पुढे गतिरोधक आहे, इथे रस्ता अरुंद होतो, इथे हॉर्न द्यायचा. मला तो आवडायला लागला होता. तो फाटकातून आला, जिना चढला, थिएटरचा मजला मागे टाकला, स्टोअरही मागे टाकलं.

"जिना संपला," तो म्हणाला. "पत्र्याचं दार आहे."

गच्चीचं पत्र्याचं दार माझ्या पाठीमागे होतं. मान वळवायला नको वाटत होतं, तरी वळवली. दार नुसतं लोटलेलं होतं. मीच कडी न लावता गच्चीवर आलो होतो.

"कडी लावलेली नाहीये," पाइपात तो म्हणाला. आणि दमून घरी आलेला माणूस चपला काढता काढता म्हणतो, तसं म्हणाला, "आलो."

दार हललं नाही. वारा पडला होता. मी दाराकडे बघत किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. पंखा गुणगुणत होता, म्हणजे खाली मशीन चालू होतं, पण त्या माणसाचा आवाज पुन्हा आला नाही.

खाली आलो तर थिएटरबाहेर त्याची माणसं भिंतीला टेकून रडत होती. सिस्टर कोपऱ्यात उभ्या होत्या. "सगळं नीट चाललं होतं हो," त्या म्हणाल्या, "आणि एकदम टेबलावरच गेला." मी मान हलवली. मला काही माहीत आहे असं कोणाला सांगणार होतो? आणि काय माहीत होतं मला?

त्यानंतर मी गच्चीवर जायचं टाळायला लागलो. बेअरिंग गेली तर गेली, म्हटलं.

४

तेवढ्यात ठकीचं पोट दुखायला लागलं.

आधी शाळा बुडवायचं निमित्त वाटलं. मग तपासण्या झाल्या आणि मूत्रपिंडापाशी गाठ निघाली. सर्जन म्हणाले, काढायला हवी, लवकर काढायला हवी, काढली की मुलगी ठणठणीत होईल. काळजीचं कारण नाही, फक्त वेळ लागेल. त्यांनी वेळ लागेल म्हटलं आणि मला ते पत्र्याचं दार आठवलं. बाकीचं मी नीट ऐकलंच नाही.

"दुसऱ्या हॉस्पिटलात करू," मी बायकोला म्हणालो.

"का?"

"तिथे जास्त मोठे डॉक्टर आहेत."

"कालपर्यंत आपल्या सर्जनचं कौतुक सांगत होतास." ती शाळेत शिकवते, थापा तिला लगेच कळतात. "आणि तिकडे ऑक्सिजन कोण बघणार? इथे निदान तू आहेस." पुढे तिचा आवाज फुटला. "मला भीती वाटतेय रे. तू असलास की जरा बरं वाटतं."

मी मॅडमना गाठलं. "मॅडम, ठकीला तेवढं रस्त्याचं विचारू नका."

"का हो?"

"तिला कविता येतात. कविता म्हणायला लावा."

मॅडम हसल्या. "अहो, कालच तिने मला बजावलंय, रस्ता पाठ केलाय म्हणून. आता नाही विचारलं तर मास्क लावू देईल का ती? तुमचीच लेक आहे." त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. "घाबरू नका. मी आहे ना तिच्या उशाशी."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी ठकीच्या पलंगावर बसलो. बायको तिच्यासाठी दूध आणायला गेली होती. बराच विचार करून मी एक तोड काढली होती. सगळे आवाज गच्चीकडे येतात, ते रस्ता घरून इथवरचा सांगतात म्हणून. ठकीने उलट दिशेने चालायला सुरुवात केली, तर ती गच्चीपासून लांब जाईल. उलट्या दिशेने गेलेलं माणूस पत्र्याच्या दाराशी कसं येईल? व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद, डावीकडे फिरवला की चालू, तितकं ते मला सरळ वाटत होतं.

"ठके, उद्या मॅडमना रस्ता सांगशील ना, तो वेगळा सांगायचा. इथून घरी कशी जाणार, तो."

"पण त्या विचारतात, कसे आलात."

"ते सगळेच सांगतात. तू घरी जायचा सांग."

तिने विचार केला. "म्हणजे एकदम सोप्पा. मागच्या गल्लीतून."

"हो. मागच्या गल्लीतून."

"फाटक, मग सायकलवाला, मग बेकरी, मग आपण. झालं." तिने बोटं उडवली. "बाबा, हा तर फार छोटा आहे. मॅडमना झोपवायला वेळच नाही मिळायचा."

मी तिच्या केसांतून हात फिरवला. घर जवळ आहे, हे मला त्या वेळी चांगलंच वाटलं होतं.

५

सकाळी तिला आत नेलं. बायको बाहेरच्या बाकावर बसली आणि माझा हात तिने घट्ट धरला.

"मी जरा वर प्लांट बघून येतो," मी म्हणालो.

"आज तरी बस ना इथे."

"ऑक्सिजनचा दाब बघून येतो. लगेच."

तिने हात सोडला आणि भिंतीकडे बघत बसली. तिला तसं सोडून मी जिन्याने वर धावलो, गच्चीच्या पत्र्याच्या दाराला माझ्या बाजूने कडी घातली आणि स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला.

"मी पलंगावरून उतरले," ठकी म्हणाली.

इतका स्पष्ट आवाज मी आजवर ऐकला नव्हता. माझ्या मांडीवर बसून बोलावी तसा. "चपला सापडत नाहीयेत. असू दे. जिना आला. आई म्हणते कठडा धरायचा. धरलाय." पुढे थोडं नुसतं गुणगुणणं. "फाटक. वॉचमनकाका नाहीयेत."

मी डोळे मिटून घेतले. ती फाटकाबाहेर पडली होती. गच्ची मागे राहिली, जिना मागे राहिला. माझी युक्ती लागू पडली होती आणि मला आनंदाने रडायला येत होतं.

"मागची गल्ली. सायकलवाल्याचं दुकान." मग ती जराशी थांबली. "इथे पायरी आहे हां, सांभाळून."

हे ती कोणाला म्हणाली? मॅडमना म्हणाली असेल. पण मॅडमना ऐकू जाण्याची वेळ केव्हाच टळली होती, तिच्या घशात आता नळी असणार. मी मूठ आणखी दाबून धरली.

"बेकरी बंद आहे," ठकी म्हणाली.

बेकरी या वेळेला कधीच बंद नसते. पण माझं लक्ष त्यावर नव्हतं. बेकरीच्या पुढचीच बिल्डिंग आमची. खाली सर्जनने जेमतेम पहिला छेद घेतला असेल आणि ही पोर घरापाशी येऊनसुद्धा ठेपली होती. तो ड्रायव्हर, त्याचं ते दमलेलं "आलो". तो गच्चीवर आला म्हणून गेला, असं मी धरून चाललो होतो. तो पोचला म्हणून गेला असेल तर? कुठेही पोचणंच धोक्याचं असेल तर? आणि मी हिला सगळ्यात जवळचा रस्ता शिकवला होता.

"आपला जिना," ठकी म्हणाली. "बाबा, आपलं दार दिसतंय."

६

मी गुडघ्यावर बसलो आणि पाइपाच्या तोंडाला तोंड लावलं. उबदार, गोडसर वास नाकात शिरला. पंख्याची हवा तोंडावर आदळत होती.

"ठके! थांब!"

नुसता पंखा. हवा बाहेर येते आहे, आवाज आत कसा जाईल? पण वारा उलटा असला तरी हाक पोचतेच की.

"ठके, दार उघडू नको!"

"…बाबा?" आता स्क्रू ड्रायव्हरची गरज नव्हती. आवाज पाइपाच्या तोंडातून सरळ माझ्या तोंडावर येत होता. "तू कुठेयस?"

"तुझ्याकडे किल्ली आहे का?"

"नाही."

"मग दार कसं उघडणार? किल्ली मामाकडे राहिली. चल, मामाकडून घेऊन येऊ."

"आत्ता? मामा किती लांब राहतो!"

"लांबच जायचंय, बाळा. उतर जिना. मी सांगतो तशी चाल."

ती कुरकुरत उतरली. मी तिला मोठ्या रस्त्याने नेलं, पुलावरून नेलं, तिच्या शाळेवरून नेलं. मामाच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मामा घरी नाही म्हणून सांगितलं आणि त्याच्या दुकानाकडे वळवलं. दुकान आलं, तसं दुकानही बंद केलं. मला ठाऊक असलेला प्रत्येक रस्ता मी तिला चालायला लावला. माझी जीभ जड व्हायला लागली होती, डोळ्यांपुढे पाण्याची टाकी हलत होती. साहेब म्हणतात ते खरं असेल, मी वायू हुंगून बडबडत असेन, असंही मनात आलं. खरं असलं तर उत्तमच. माझं हसं होईल, एवढंच ना? पण खोटं असलं आणि मी गप्प बसलो तर?

खरे रस्ते संपले. मग मी मनाने सांगायला लागलो.

"आता डावीकडे वळ."

"बाबा, इथे रस्ता नाहीये. भिंत आहे."

"भिंतीच्या कडेला बघ. बोळ आहे."

ती गप्प झाली.

"हो, आहे," ती म्हणाली. "मगाशी नव्हता. अंधार आहे आत."

"चल सरळ."

"माझे पाय दुखतात. किती राहिलंय?"

"थोडंच."

"खरं सांग."

"खूप राहिलंय, ठके. पण मी आहे ना बोलायला."

ती चालत राहिली. मी वळणं देत राहिलो, चौक बसवत राहिलो, कधी न पाहिलेल्या गल्ल्यांना उतार आणि चढ लावत राहिलो. मी सांगायचो ते तिला दिसायचं.

मग ती म्हणाली, "बाबा, मागचे विचारतात, अजून किती लांब आहे?"

"मागचे कोण?"

"येतायत ना माझ्यामागे. आपल्या हॉस्पिटलच्या फाटकापासून. तिथेच बसले होते सगळे. मी म्हटलं मी घरी चाललेय, तर ते म्हणाले आम्हालाही घरीच जायचंय, पण परतीचा रस्ता कोणी सांगितलाच नाही."

"ठके, मागे बघू नको."

"मी नाहीच बघत. एका काकांनी खांद्यावर हात ठेवलाय, वाट चुकायला नको म्हणून. ते म्हणतात पुढे गतिरो—"

आवाज तुटला.

मी पाइपाला कान लावला, थोपटलं, हाका मारल्या. पंखा फिरत होता. आणि माझ्या खिशातला फोन थरथरत होता. बराच वेळ थरथरत असणार.

७

"हवावाले, आहात कुठे?" सिस्टर ओरडल्या, पण आनंदाने. "गाठ आख्खी निघाली. सगळं छान झालं. उठली पण, आणि उठल्या उठल्या म्हणते कशी, पाय दुखतात. पोटाचं ऑपरेशन आणि पाय दुखतात! या लवकर, बाबा बाबा चाललंय."

मी तिथेच फतकल मारून बसलो आणि हुंदके देऊन रडलो. फोन कोणीतरी बायकोकडे दिला. तीही रडत होती. "ये ना रे खाली," एवढंच ती म्हणत होती. मी म्हटलं, निघालोच. उठलो, कपडे झटकले, गुडघे खरचटले होते ते पाहिलं. दाराची कडी काढली.

"मग? इथून पुढे कसं?"

मागून आलं ते. आवाज पुरुषाचा, थकलेला, अगदी नम्र. अनोळखी गावात पत्ता विचारावा तसा.

खाली थिएटरात आता कोणी नव्हतं. ठकीला बाहेर आणलं होतं, मशीन बंद केलं असणार. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला श्वास घेणारं कोणीच नव्हतं.

"पोरगी कुठे गेली?" एक बाईचा आवाज. "आत्ता तर होती."

"गेली वाटतं. आणि तो सांगणारा?"

"अहो, कोणी आहे का?"

माझा एक पाय दाराबाहेर होता. उत्तर दिलं नाही तर ते बसतील तिथेच, त्या नसलेल्या बोळात, अंधारात, कायमचे. बसू देत. माझी लेक सुटली होती. मला दुसऱ्या कशाशी देणंघेणं नव्हतं.

"नाही कोणी," पहिला आवाज म्हणाला. "चला, मागे फिरू."

"मागे कुठे?"

"मघाचं ते दार पाहिलंय ना आपण. तेवढा रस्ता तर नीट कळलाय. फाटक, सायकलवाला, बेकरी."

"पण तिथे किल्ली नव्हती."

"थांबू की दाराशी. आज ना उद्या पोरगी घरी येईलच." तो समजुतीने बोलत होता. "ती उघडेल. चांगली आहे ती."

पुष्कळ जणांनी होकार दिल्यासारखी गुणगुण पाइपातून आली आणि बारीक बारीक होत लांब जायला लागली.

मी धावत परत आलो. गुडघे पुन्हा त्याच जागी टेकले.

"थांबा!" मी पाइपात ओरडलो. "मागे फिरू नका. तो रस्ता नाही तुमचा."

गुणगुण थांबली. सगळे ऐकत होते.

"मग कोणता?" बाईने विचारलं.

खिशातला फोन पुन्हा वाजला. एका हाताने मी तो कानाशी धरला. ठकीच होती, कोरड्या, झोपाळू आवाजात. "बाबा, तू कधी येतोस?"

"येतो हं, ठके," मी फोनमध्ये म्हणालो, आणि तो बाजूला ठेवून पाइपाला तोंड लावलं. "बोळातून सरळ या. पुढे एक पूल लागेल. मग सांगतो."